सुट्टीचे अखेरचे दिवस आणि खवळलेला समुद्र
वसई-विरार किनाऱ्याच्या निमित्ताने एक अभ्यास

उन्हाळी सुट्टी संपत आली, की मुलाबाळांसह चार दिवस समुद्रकाठी घालविण्याचा बेत अनेक कुटुंबांत होतो. मुंबई व ठाणे परिसरातील कुटुंबांना त्यासाठी वसई-विरारचा किनारा जवळचा वाटतो. पश्चिम रेल्वेने वसई रोड, नालासोपारा अथवा विरार येथे उतरावे आणि तेथून थोड्याच वेळात किनारा गाठावा, इतका हा प्रवास सोपा आहे. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव आणि वसईची सुरुची बाग या ठिकाणी सुट्टीच्या दिवसांत मोठी गर्दी होते. सुरूची बने, केळीच्या व फुलांच्या बागा, कोळीवाड्यांतील वलांडीवर वाळणारी मासळी आणि वसई व अर्नाळा येथील किल्ले यांमुळे या पट्ट्याला स्वतःचे असे रूप लाभले आहे. उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि दक्षिणेस वसईची खाडी या त्याच्या दोन सीमा होत.

परंतु सुट्टीचे हे अखेरचे दिवस आणि समुद्राने आपला स्वभाव पालटण्याचे दिवस एकच असतात. या योगाचा पुरेसा विचार होत नाही. तो पर्यटकांनी करावयास हवाच. पण ज्यांच्या शब्दाला गावात मान असतो त्या शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि शासकीय कर्मचाऱ्यांनीही तो करणे अगत्याचे आहे.

सुट्टी आणि ऋतू यांची सांगड

विदर्भ वगळता राज्यातील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास उघडतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबई परिसरात येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. म्हणजे सुट्टीचा शेवटचा पंधरवडा पावसाच्या उंबरठ्यावरच येतो. शिवाय पाऊस दरवर्षी तारीख पाळतोच असे नाही. सन २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. सुट्टीचे तीन आठवडे शिल्लक असतानाच त्या वर्षी पावसाळा सुरू झाला.

मच्छीमार समाजाने हा ऋतुबदल आपल्या व्यवहारात फार पूर्वीपासून सामावून घेतला आहे. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते. त्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी आवरली जातात आणि सुकी मासळी घरात भरली जाते. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते लोक पाण्यापासून दूर होतात, नेमक्या त्याच दिवसांत समुद्राची ओळख नसलेली मंडळी पाण्यात उतरतात. या विषयातील धोक्याचे मूळ येथे आहे.

दोन वादळांचा धडा

मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन मुख्य हंगाम होत. त्यांपैकी पहिला उन्हाळी सुट्टीशी जुळतो. सन २०२० मधील ‘निसर्ग’ वादळाचा क्रम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १ जून रोजी कमी दाबाच्या पट्ट्याची तीव्रता वाढली आणि ३ जून रोजी दुपारी ते वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. आरंभीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण हा सारा किनारा धोक्याच्या कक्षेत होता. म्हणजे वसई-विरारही त्यात होते. तयारीसाठी हाती जेमतेम दोन दिवस मिळाले.

पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ वादळ आले. १४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपजवळ आकार घेऊन १७ मे रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच उत्तरेस सरकले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. महाराष्ट्राच्या भूमीवर ते चढले नाही. तरीही सांताक्रूझ येथे २४ तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईपासून पालघरपर्यंत झाडे उन्मळली आणि वीजपुरवठा खंडित झाला. तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा बुडून ७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या दोन्ही वर्षी कोविड-१९ च्या निर्बंधांमुळे किनाऱ्यांवरील पर्यटन बंद होते. एरवी गजबजलेल्या वाळूवर त्या दिवशी कुटुंबे नव्हती. ही सुटका पूर्वतयारीने झालेली नव्हती, ती योगायोगाने झाली. पुन्हा असा प्रसंग आल्यास किनारा रिकामा असेल असे गृहीत धरता येणार नाही.

आभाळाआधी समुद्र बदलतो

पर्यटक आभाळाकडे पाहून निर्णय घेतो. ऊन पडले की समुद्र शांत असेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. वाऱ्याने दूर समुद्रात उठविलेल्या लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्यावर येतात, आणि कित्येकदा वादळी ढगांच्याही आधी येतात. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते. ते पुढे कच्छमध्ये जखाऊ बंदरानजीक किनाऱ्यावर चढले. परंतु १२ जून रोजी मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर पाण्यात उतरलेली काही मुले त्या खवळलेल्या लाटांत बुडाली.

लाटेइतकाच धोका तिच्या परतणाऱ्या पाण्याचा असतो. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी समुद्राकडे परतताना एखादी अरुंद वाट धरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. म्हणून अजाण माणसाला तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तेथील ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. अशा ओढीत सापडलेल्याने सरळ किनाऱ्याकडे येण्याची धडपड करू नये. त्यात शक्ती संपते. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग तिरकस किनाऱ्याकडे यावे. पोहता येत नसल्यास तरंगत राहून हात वर करावा. खाडीच्या व नदीच्या मुखापाशी ओहोटीचा प्रवाह आणखी जोरकस असतो. म्हणून वैतरणेच्या व वसई खाडीच्या मुखाजवळ स्नानास उतरणे कोणत्याही ऋतूत टाळावे.

तिथीवरून भरतीचे गणित

भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असणे हा समुद्रकाठच्या सुरक्षिततेचा पाया आहे. मुंबई व लगतच्या किनाऱ्यासाठी पंचांगावरून ही वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे. तिथीच्या अंकास ३ ने गुणून ४ ने भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस ४ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३. त्या दिवशी पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस उत्तर ६ येते. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांत हेच गणित चालते. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून नेमक्या वेळेसाठी छापील भरती-कोष्टकच पाहावे.

अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. या दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत दूर जाते. दूर गेलेल्या पाण्यामागे चालत जाणारी माणसे परतणाऱ्या भरतीत वेढली जाण्याची भीती असते, तर ओहोटी लागताच पाण्यात असलेल्यांना प्रवाह आत ओढतो. वटपौर्णिमा बहुधा जूनमध्ये येते. त्या सुमारास उधाण, जोरदार पश्चिमवारा आणि उतरलेला वायुभार एकत्र आले, तर पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर येते.

समुद्र शांत असतानाही बेसावधपणा किती महाग पडतो, याचे उदाहरण शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता.

इशाऱ्यांचा अर्थ

भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे कृती करा. पालघर जिल्ह्यासाठी नारिंगी इशारा लागला, की किनाऱ्यावरील मुक्काम आवरता घेणे शहाणपणाचे. तांबडा इशारा लागल्यावर प्रवासास निघण्यापेक्षा पक्क्या इमारतीत थांबणे अधिक सुरक्षित ठरू शकते, कारण तोवर रस्ते व लोहमार्ग पाण्याखाली जाण्याचा संभव असतो.

२४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाल्यास तो ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ गणला जातो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की कमी दाबाच्या क्षेत्रास चक्रीवादळ म्हणतात. उंच लाटांचा इशारा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. पर्यटकांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे, कारण पाऊस नसतानाही तो लागू असू शकतो. बंदरांवर चढविले जाणारे धोक्याचे बावटे १ ते ११ क्रमांकांचे असतात. तिसऱ्या क्रमांकाचा बावटा बंदरावर जोराच्या वाऱ्याची शक्यता सुचवितो.

मुक्कामी असलेल्या कुटुंबाने काय करावे?

परतीचा दिवस ठरलेला असला, तरी तो हवामानाप्रमाणे अलीकडे आणण्याची तयारी प्रथमपासून असावी. ‘उद्या निघायचेच आहे, आज शेवटचे एकदा पाण्यात जाऊ’ हा मुलांचा हट्ट स्वाभाविक आहे. परंतु वादळी हवेत तो पुरविता कामा नये. अर्नाळा किल्ला बेटावर आहे आणि तेथे होडीने जावे लागते. वारा वाढत असताना त्या सफरीस निघू नये. गेल्यानंतर हवा पालटली तर होडीवाल्यास घाई न करता बेटावरील वस्तीत थांबावे.

मेघगर्जना ऐकू येताच वाळू सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. सुरूच्या बनात आसरा घेणे दुहेरी धोक्याचे, कारण तेथे विजेचे भय असते आणि झाड पडण्याचेही. किल्ल्याचे बुरूज व तट उघडे असल्याने तेही आसऱ्याची जागा नव्हेत. विजेरी, पिण्याचे पाणी, औषधे आणि भारित केलेला भ्रमणध्वनी जवळ असावा.

कोणी बुडताना दिसल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा प्लॅस्टिकचा डबा अथवा हवा भरलेली ट्यूब फेकावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्याची जुनी पद्धत हानिकारक आहे. श्वास बंद असल्यास तत्काळ तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे सुरू करावे.

गावाची जबाबदारी

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली किनाऱ्यावर मनाई आदेशही काढता येतो. तथापि, आदेश वाळूपर्यंत पोहोचविण्याचे काम गावालाच करावे लागते.

त्यासाठी काही साध्या गोष्टी खर्चाविनाही होऊ शकतात. किनाऱ्याच्या प्रवेशावर एक फळा लावून त्यावर रोजची तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि इशाऱ्याचा रंग खडूने लिहावा. हे काम शाळा भरेपर्यंत ग्रामपंचायतीने व पुढे विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करावे. धोक्याच्या जागा कोळी बांधवांना विचारून निश्चित कराव्यात व तेथे तांबडे निशाण लावावे. होडी, दोर व पोहणाऱ्या तरुणांची यादी पंचायतीकडे असावी.

निवासाची सोय करणाऱ्या व्यावसायिकांचे सहकार्य तितकेच आवश्यक आहे. सुट्टीच्या अखेरच्या आठवड्यावर त्यांच्या पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी अवलंबून असते, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. उलट, भरलेले पैसे बुडतील म्हणून पर्यटकही इशारा असताना मुक्काम हलवीत नाही. इशारा लागल्यास भरलेली रक्कम पुढील हंगामातील मुक्कामासाठी वळती करून द्यावी, असे गावातील सर्व निवास-चालकांनी मिळून ठरविले, तर दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतील. ग्रामसभा वा प्रभागातील बैठक ही अशा निर्णयाची योग्य जागा होय.

शिक्षकांनी तर हा विषय सुट्टी लागण्यापूर्वी वर्गात घ्यावा. भरतीचे गणित सोडविताना भूगोल, गणित आणि पंचांग यांचा एकत्र परिचय होतो. मुलाने घरी वडीलधाऱ्यांना ‘आज अष्टमी, सहाला भरती आहे, संध्याकाळी पाण्यात नको’ असे सांगितले, तर तो धडा खऱ्या अर्थाने पोहोचला असे म्हणता येईल. समुद्र पुढल्या सुट्टीतही तेथेच असणार आहे. एक दिवस आधी घरी परतलेल्या कुटुंबाचे त्यात काहीही बुडत नाही.