नोकरी सांभाळून घोडी घडवताना

मी साताऱ्यात बँकेत नोकरी करते. शहराबाहेर कृष्णेच्या अंगाला आबांची वस्ती आहे, तिथे माझ्या घोडीचं ठाण. रेवा तिचं नाव. कुमैत रंग, कपाळावर पांढरा टिळा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथून ती आली. तेव्हा लगाम आणि खोगीर तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण ओढा, ट्रॅक्टर, डोंगरवाट यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. हे सगळं तिला शिकवायचं होतं आणि माझ्या हाताशी होता कामावर जाण्याआधीचा पाऊण तास आणि रविवारची सकाळ.

आज ती कालव्याच्या वाटेनं निर्धास्त चालते, यवतेश्वराचा चढ दमानं चढते आणि ओढ्यात स्वतःहून पाय घालते. घोडा हा सवड असलेल्यांचा छंद आहे, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. घोड्याला माणसाच्या वेळेपेक्षा त्याच्या वागण्यातला सारखेपणा जास्त लागतो, आणि तो पाऊण तासातही देता येतो. या काळात जे उमगलं, ते क्रमानं मांडते.

१. रोज शिकवलंच पाहिजे असं नाही.

सुरुवातीला मला याचीच धास्ती होती. रोज सराव नाही झाला तर घोडी विसरेल, असं वाटायचं. १९८० साली रुबिन, ओपेगार्ड आणि हिंट्झ या संशोधकांनी तट्टांवर केलेला एक प्रयोग वाचनात आला. काही तट्टांना रोज शिकवलं, काहींना आठवड्यातून दोनदा, काहींना एकदाच. आठवड्यातून एकदाच शिकणाऱ्या तट्टांना तीच गोष्ट पक्की व्हायला रोज शिकणाऱ्यांपेक्षा कमी पाठ पुरले. दिवस अर्थातच जास्त लागले. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते आणि दोन पाठांमधली विश्रांती त्याच्या उपयोगी पडते, हा अनुभव मलाही आला. मंगळवारी अडखळत केलेली गोष्ट रेवा गुरुवारी सहज करून दाखवते. त्यामुळे मधले दिवस चुकले म्हणून मी आता जिवाला लावून घेत नाही.

२. शिकवण्याला खाडा चालतो, देखभालीला नाही.

घोड्याचं पोट लहान असतं आणि त्यात आम्ल रात्रंदिवस झिरपत राहतं. म्हणून त्याला थोडंथोडं, पण सतत खायला लागतं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज हवी, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घोड्याला उलटी करता येत नाही; त्यामुळे खाण्यातली हयगय थेट पोटशूळावर जाते आणि पोटशूळ जिवावर बेततो.

मी दिवसभर बँकेत असते तेव्हा हे सगळं आबा बघतात. सगळी हयात त्यांनी मोतद्दारीत काढली आहे. रेवानं सकाळची वैरण टाकली की लीद बघायच्या आधी ते तिच्या बरगडीमागे कुशीला कान लावून पोटाचा आवाज ऐकतात. नोकरदार माणसानं घोडा घ्यायचा विचार केला, तर आधी असा माणूस शोधावा. खोगीर साधं चालेल, माणूस जाणता हवा आणि त्याला मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळायला हवा. ठाणाला लागून मोकळं सुटायला कुंपण घातलेली जागाही हवी. चोवीस तास बांधून ठेवलेल्या घोड्याकडून रविवारी शहाणपणाची अपेक्षा करू नये.

३. खोगीर चढण्याआधीच पाठ सुरू होतो.

वेळ कमी असला की वाटतं, खरारा लवकर उरकावा आणि स्वार व्हावं. पण ठाणापासून खोगिरापर्यंतच्या पंधरा मिनिटांतच घोडी ठरवत असते की आज हिचं ऐकायचं की नाही. रेवा दाव्याला धरून चालताना खांद्यानं मला ढकलू लागली, की मी थांबते आणि तिला एक पाऊल मागे घेते. खूर उचलायला सांगितल्यावर तिनं पाय हिसकला, तर शांतपणे पुन्हा मागते. तंग आवळताना ती स्थिर उभी राहील याची वाट बघते. यात जादा वेळ जात नाही. खूर साफ करायचेच असतात, तंग आवळायचाच असतो. रोजच्या कामातच शिकवण मिसळून गेली, की वेगळा वेळ काढावा लागत नाही.

४. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो.

एवढं एक कळलं तरी निम्मं काम होतं. टाचेचा दाब दिला, घोडी पुढे निघाली आणि त्याच क्षणी टाच सैल झाली, तर तिला कळतं की हेच हवं होतं. दाब दोन-तीन सेकंद तसाच राहिला, तर तिला उत्तर सापडलंय हे कळत नाही आणि हळूहळू ती टाचेला दाद देईनाशी होते. ‘घोडा निबर झालाय’ अशी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

मी हे आधी जमिनीवर शिकवलं. मोहरकीच्या दोरीला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. रेवा आधी मान ताठ करायची, डोकं वर न्यायची, मग तिचं वजन किंचित मागे सरकायचं. पाऊल अजून उचललेलं नसायचं, पण तेवढ्यावरच मी दोरी सैल सोडायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाऊल आपोआप मागे जायचं. अर्धवट का होईना, बरोबर दिशेनं झालेला प्रयत्न ओळखणं आणि तिथल्या तिथे मोकळीक देणं हे शिकवणाऱ्याचं खरं कसब. ते अंगी आलं की दहा मिनिटांत पुष्कळ काम होतं.

५. एका दिवशी एकच गोष्ट.

पाऊण तासात वळणं, मागे घेणं, दुडकी, थांबणं असं सगळं बसवायला गेलं की काहीच पक्कं होत नाही. मी वस्तीवर पोचायच्या आत ठरवते: आज फक्त थांबणं. नवी गोष्ट दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ताणत नाही. ती जमली की लगेच खाली उतरते, तंग सैल करते, मानेवर हात फिरवते. वेळ उरला तर चरायला सोडते. चांगल्या क्षणी थांबलेला पाठ घोडी लक्षात ठेवते.

६. पाण्याची भीती मोडायची नसते, उतरवायची असते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. खोलीचा अंदाज घ्यायला त्याला मान खाली-वर करावी लागते. चमकणारं पाणी घोटाभर आहे की पुरुषभर, हे त्याला लांबून कळत नाही. लगाम आखडून धरला तर त्याचं बघणंच बंद होतं आणि भीती वाढते.

आमच्या वाटेवर एक लहान ओढा आहे. पहिल्यांदा तिथे रेवा दहा पावलं अलीकडेच खिळली. नाकपुड्या फुगलेल्या, कान ओढ्याकडे रोखलेले. मी लगाम सैल सोडला आणि थांबले. तिनं मान खाली घातली, जोरात फुरफुर केली. मी तिला वळवून मागे नेलं आणि पुन्हा आणलं. या वेळी ती चार पावलं पुढे आली. असं येणं-जाणं करत काठापर्यंत पोचलो आणि त्या दिवशी तिथूनच परत फिरलो. पुढच्या रविवारी आबा त्यांच्या म्हाताऱ्या तट्टावर पुढे झाले. ते तट्टू डुलत डुलत पाण्यातून गेलं. रेवानं एक खूर पाण्यात टाकला, उचलला, परत टाकला, पाण्यावर दोनदा आपटून बघितला, आणि मग सरळ चालत पलीकडे गेली. पलीकडे पोचल्यावर मी तिला लगेच पुढे दामटलं नाही. काठावर उभी राहून तिनं मागे वळून पाण्याकडे बघितलं, जबडा हलवत ओठ चाटले. तिला उमजायला तेवढी उसंत द्यायलाच हवी.

७. भीतीच्या वस्तूच्या मागे चालावं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. वर गाण्यांचा दणदणाट. अंगावर येणाऱ्या वस्तूपासून पळणं हा घोड्याचा स्वभावच आहे. पण तीच वस्तू दूर जाऊ लागली, की त्याचं कुतूहल जागं होतं. म्हणून ओळखीच्या एका ट्रॅक्टरवाल्या दादांना विनंती केली. त्यांनी रिकाम्या शेतात ट्रॅक्टर सावकाश पुढे चालवला आणि मी रेवाला दोरीनं धरून बऱ्याच अंतरावरून मागे चालत राहिले. अंतर हळूहळू कमी केलं. आधी ट्रॅक्टर डाव्या बाजूला ठेवला, मग उजव्या. कारण एका डोळ्याला ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं दिसली की घोडी पुन्हा बुजू शकते.

यासोबत एक सवय मी चालीत असतानाच पक्की केली: एका लगामानं मान हळूच बाजूला वळवून थांबवणं. घोडा उधळल्यावर हे शिकवता येत नाही, आधीच बसलेलं असावं लागतं. डोक्यावर हेल्मेट आणि पायात टाचेचे बूट, हे मात्र कितीही घाई असली तरी सुटत नाही.

८. सहा दिवसांचं देणं रविवारी फेडू नये.

कमी वेळ असलेल्या स्वारांच्या घोड्यांना सर्वांत मोठा धोका इथे आहे. घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही भरतात. पण कंडरा, सांध्यांची बंधनं आणि हाडं घट्ट व्हायला महिने जातात. घोडा दमलेला दिसत नाही म्हणून त्याचे पाय तयार आहेत असं होत नाही. आठवडाभर पुरी चंदी खाऊन उभ्या असलेल्या घोड्याला अचानक दौडवलं, तर पाठीमागचे स्नायू आखडून दगडासारखे होऊ शकतात, लघवी काळपट होते. तेव्हा घोड्याला एक पाऊलही न चालवता पशुवैद्यांना बोलवावं लागतं. म्हणून विश्रांतीच्या दिवशी आबा चंदी कमी करतात आणि वैरण तेवढीच ठेवतात.

चालीला कमी लेखू नये. ताशी सहा-सात किलोमीटरच्या चालीनं चढ चढणं हा पाय आणि पाठ बळकट करण्याचा उत्तम मार्ग आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं. उंचीला बेताची असूनही डोंगराळ मुलखात टिकाव धरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रानवाटेला लागतं ते हेच टिकणं. रपेटीची पहिली आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं आम्ही फक्त चालतो. परतल्यावर जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोट ठेवून नाडी मोजते. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. पंधरा मिनिटांच्या विसाव्यानंतरही ती साठच्या खाली आली नाही, तर पुढच्या रविवारी वाट छोटी करते.

९. दोन मिनिटांची तपासणी कधीच टाळू नये.

चारही खुरांतले खडे काढणं, नाल हलतोय का बघणं, पायांवरून हात फिरवून ऊब किंवा सूज शोधणं, तंगाखालची आणि खोगिराखालची कातडी बघणं. स्वार होऊन दहा मिनिटं झाली की तंग पुन्हा तपासायचा. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी ठरलेली. ती मी पगाराच्या तारखेइतकी पक्की लिहून ठेवते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त भार नसावा. धनुर्वाताची लस दर वर्षी. पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा पसरतो. ताप येत-जात राहिला, पायांवर किंवा पोटाखाली सूज दिसली, तर रक्त तपासून घ्यायचं.

१०. मन थाऱ्यावर नसेल तर स्वार होऊ नये.

ग्रीसमधल्या झेनोफननं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, असा त्याचा कटाक्ष होता. मार्चअखेरीला माझ्या डोक्यात आकडे फिरत असतात. अशा सकाळी मी फक्त खरारा करते, कालव्यापर्यंत हातात दावं धरून चालवून आणते. घाईतली पाऊण तासाची स्वारी महिनाभराचा विश्वास घालवू शकते.

आमचा आठवडा आता असा बसला आहे: मंगळवारी जमिनीवरचा पाठ, गुरुवारी खोगिरावर तीच गोष्ट, शनिवारी वस्तीजवळ चढावर चाल आणि रविवारी लांबची वाट, जिथे आठवड्यात शिकलेलं सगळं कामाला येतं. बाकीचे दिवस रेवाचे. मोकळं सुटायचे, चरायचे. ज्यांना घोड्याची ओढ आहे, पण वेळ नाही म्हणून जे थांबून राहिले आहेत, त्यांना मी एवढंच सांगेन: जाणता माणूस आणि मोकळी जागा मिळत असेल, तर सुरुवात करा. घोडी घडायला आमच्या हिशेबानं जास्त महिने लागतात, पण ती पक्की घडते, आणि तिच्यासोबत स्वारही.