मामीचा गुडघा आणि चार वर्षांचा फेरा

मनू, फोनवर तू विचारलंस, "मामा, बिटकॉइन आता घेऊ का?" दलाल स्ट्रीटवर एका दलालाकडे मी 32 वर्षं वह्या लिहिल्या. हा प्रश्न तिथे दिवसातून पन्नासदा कानावर पडायचा. किती दिवस ठेवायला जमेल, हे मात्र कुणी विचारायचं नाही. तेवढं तू स्वतःला विचार, म्हणजे माझं निम्मं काम झालं.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 2017 च्या डिसेंबरात एका नाण्याचा भाव 12 लाखांच्या वर गेला होता, तेव्हा मी 3 लाखांचं पाव नाणं घेतलं. आयुष्यभर लोकांना शिखरावर माल गळ्यात मारून घेताना पाहिलं, आणि स्वतः तेच केलं! पुढच्या एप्रिलात रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, जुलैपर्यंत बँकांनी क्रिप्टो एक्स्चेंजना दारं बंद केली. तेव्हा रुपये हवे असतील तर अनोळखी माणसाला नाणं द्यायचं आणि तो खात्यात पैसे टाकेल याची वाट बघायची. डिसेंबर 2018 येईपर्यंत माझ्या 3 लाखांचे 60 हजार झाले होते.

आणि नेमका तेव्हाच मामीचा गुडघा निघाला. ऑपरेशनचे पैसे भरायचे होते. थोडे पतपेढीतून घेतले, थोडे कमी पडले, म्हणून त्या पाव नाण्यातलं निम्मं 30 हजारांना फुंकलं. भाव पुन्हा त्या शिखराला, म्हणजे 20 हजार डॉलरच्या आसपास, आला तो डिसेंबर 2020 मध्ये, म्हणजे बरोबर तीन वर्षांनी. मला विकायला मंदीने लावलं नाही, गुडघ्याने लावलं. मंदीत बसायची माझी तयारी होती गं, पण ते पैसे बसायच्या कामाचे नव्हते.

म्हणून पहिलं हे. येत्या चार वर्षांत घराचा हप्ता, लग्न, आईचं दुखणं, नोकरी गेली तर सहा महिन्यांचा खर्च, हे सगळं बाजूला काढ. उरेल त्यातला छोटा तुकडा इकडे टाक. कर्ज काढून तर अजिबात नाही.

चारच वर्षं का, तेही सांगतो. बिटकॉइनची नवी नाणी साधारण दर दहा मिनिटांनी एका ब्लॉकबरोबर तयार होतात, आणि 2,10,000 ब्लॉक झाले की त्यांची संख्या निम्मी होते. हा फेरा जवळजवळ चार वर्षांचा. सुरुवातीला दर ब्लॉकला 50 नाणी मिळायची. 2012 ला 25, 2016 ला 12.5, 2020 ला 6.25 आणि एप्रिल 2024 ला 3.125. प्रत्येक वेळी त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने शिखर आलं: 2013 चा शेवट, डिसेंबर 2017, नोव्हेंबर 2021. चौथ्या वेळी ऑक्टोबर 2025 मध्ये भाव सव्वा लाख डॉलरच्या वर गेला आणि मग उतरला. पहिल्या तिन्ही वेळा उतार कसा होता? पहिल्या दोनदा शंभराचे पंधरा-सोळा उरले, तिसऱ्यांदा तेवीसच्या आसपास. 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवरून वर्षाच्या आत 8 हजारांच्या घरात आला, तेव्हा आमच्या ऑफिसात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. ती पडझड साठ टक्क्यांची. ही ऐंशीची. आणि ऐंशी टक्के पडलेली वस्तू मूळ भावाला यायला पाचपट व्हावी लागते.

पण या चार वर्षांचं पंचांग करू नकोस. चार दाखले म्हणजे फार कमी. शिवाय एकूण 2.1 कोटींपैकी बहुतेक नाणी आता बाहेर आली आहेत. 2024 नंतर दिवसाला नवी येतात ती साधारण 450. ती निम्मी झाल्याने पूर्वीइतका फरक का पडावा? अमेरिकेत जानेवारी 2024 ला थेट बिटकॉइन ठेवणाऱ्या ईटीएफना परवानगी मिळाली, मोठे फंड आले, आणि त्या मार्चमध्ये नाणी निम्मी होण्याआधीच भावाने नवा उच्चांक केला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आणखी एक, हे मात्र घोकून ठेव. हा फेरा बिटकॉइनचा आहे. दुसरं कुठलंही नाणं पडलं म्हणजे वर येईलच, असं नाही. मे 2022 मध्ये लुना नावाचं नाणं 80 डॉलरच्या आसपास होतं. आठवड्याभरात त्याची किंमत सेंटच्याही खाली गेली. ते घेऊन "पुढच्या तेजीत बघू" म्हणणारे अजून बघतच आहेत.

घ्यायचं तर दर महिन्याला थोडं थोडं, आणि शक्यतो कुणी त्याचं नाव काढत नसेल तेव्हा. 2021 च्या दिवाळीत टी-ट्वेंटी विश्वचषकात दोन षटकांच्या मध्ये क्रिप्टोच्या जाहिराती लागत होत्या, आठवतं? दिवाळी झाली आणि आठवड्याभरात 69 हजार डॉलरचं शिखर लागलं. पुढच्या नोव्हेंबरात एफटीएक्स नावाचं एक्स्चेंज बुडालं, भाव 16 हजारांवर, आणि टीव्हीवर शुकशुकाट.

विकायचं कधी, ते घेण्याआधी वहीत लिही. तेजीत डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नव्हतं. फक्त हिशेब सरकारसकट कर. एक लाखाचे दोन झाले आणि निम्मे विकून "मुद्दल सुटलं" म्हणालीस, तर त्यातल्या 50 हजारांच्या नफ्यावर 30 टक्के कर, वर उपकर, म्हणजे 15,600 गेले. हाती राहिले 84,400. शिवाय विकताना एक टक्का टीडीएस कापतात. तो विवरणपत्रात वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच. दर आठवड्याला उड्या मारणाऱ्याचं या नियमांत काय होतं, तुझं तू बघ.

चार वर्षं ठेवायचं तर ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. जुलै 2024 मध्ये इथल्याच एका मोठ्या एक्स्चेंजवरून सुमारे 2,000 कोटींची नाणी चोरीला गेली. रक्कम मोठी झाली की स्वतःच्या वॉलेटमध्ये ने. त्याच्या किल्लीसारखे बारा किंवा चोवीस शब्द असतात, ते कागदावर उतरव. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नकोस, कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी सांगू नकोस. पण घरातल्या एका माणसाला कागद कुठे आहे ते माहीत असू दे, नाहीतर तुझ्यामागे ते कुणाच्याच कामाचं नाही.

माझा कागद कुठे आहे ते मामीला ठाऊक आहे. गुडघ्याचे 30 हजार अजून काढते ती. रविवारी ये, पण वही घेऊन ये.