स्वभाव सांगणारे शब्द

एका मुलाविषयी कोणी म्हणतो, 'तो मोठा निश्चयी आहे.' दुसरा म्हणतो, 'छे, हट्टी आहे झाले!' मुलगा एकच, वागणेही तेच. बदलला तो बोलणाराचा भाव. जपून खर्च करणारा मनुष्य आवडता असला तर काटकसरी ठरतो, नावडता असला तर कंजूष. बोलका आणि वाचाळ, भोळा आणि बावळट, मानी आणि गर्विष्ठ या जोड्यांतही असेच अंतर आहे. असा शब्द दुसऱ्याचे वर्णन तर करतोच, परंतु उच्चारणाराचे मनही उघडे करतो.

हे शब्द कोणाला लावले जातात आणि कोणाला लावण्याचे टाळले जाते, हा प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी निर्भयपणे विचारला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. मुलींचे शिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळी ताराबाई घरीच लिहिण्यावाचण्यात तयार झाल्या. १८८१ मध्ये सुरतेस एका विधवेवर खटला झाला. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे देणारे लेखन येऊ लागले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले; ते १८८२ मध्ये पुण्यास छापले गेले.

कपटी, संशयी, उद्धट, अविचारी अशी विशेषणे स्त्रियांना सर्रास लावली जात. ताराबाईंनी ती तपासली आणि विचारले, हे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय? 'साहस' हाच शब्द पाहा. आज तो बहुधा कौतुकाने वापरतात. जुन्या ग्रंथांत मात्र अविचाराने केलेले कृत्य असाही त्याचा अर्थ होता, आणि स्त्रियांच्या दोषांत तो त्याच अर्थाने मोजला जाई.

ताराबाईंची भाषा मवाळ नाही. ती घरगुती, रोखठोक आणि जागोजाग बोचरी आहे. असे लेखन एखाद्या पुरुषाने केले असते, तर त्यास बहुधा बाणेदार म्हटले गेले असते. स्त्रीने केले म्हणून ते अनेकांना उद्धट वाटले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे नव्या वाचकांच्या हाती आले.