संगणकावरील आगगाडी व ब्रेकचें गणित

आगगाडी सुरू करणें त्या मानानें सोपें. ती नेमक्या जागीं थांबविणें हेंच चालकाचें खरें कौशल्य होय. कोणाच्याहि जिवास धोका न पोंचवितां हें कौशल्य अभ्यासतां यावें, अशा संगणकप्रणाली आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं 'ओपन बीव्हीई' हिचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

जपानांतील ताकाशी कोजिमा ह्यांच्या 'बीव्हीई' ह्या प्रणालीच्या धर्तीवर ती रचलेली आहे. ती लिनक्सवर चालते व विनामूल्य मिळते. शिवाय ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिच्या पोटांतील सूत्रें कोणासहि वाचतां येतात, सुधारतां येतात व इतरांस देतां येतात. गाडी कां थांबली नाहीं, ह्याचें कारण तेथें झांकलेलें नसतें. डब्यांचें वजन, हवेच्या ब्रेकचा दाब, चाकांचें घसरणें, ह्या सर्वांचा हिशेब ती करते.

मार्गाचें वर्णनहि साध्या मजकुरांत लिहितात: कितव्या मीटरवर वळण, त्याची त्रिज्या किती, सिग्नल कोठें. चढण दर हजारीं मांडतात. रोह्याहून दक्षिणेस जाणाऱ्या कोंकण रेल्वेची आंखणी १५० स १ ह्या चढणीच्या मर्यादेंत केलेली आहे; म्हणजे दर हजारीं सुमारें ६.६७. बोरघाटांत ती ३७ स १, म्हणजे दर हजारीं सुमारें २७ आहे. हा फरक आंकड्यांत लहान दिसतो. उतारावर ब्रेक लावतांना मात्र त्याचें मोठेपण कळतें.

आतां एक उदाहरण घेऊं. सपाटीवर ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदास अर्धा मीटर प्रतिसेकंद ह्या प्रमाणें कमी होतो, असें समजा. वेगाच्या वर्गास मंदनाच्या दुपटीनें भागिलें असतां थांबण्याचें अंतर निघतें. ताशीं १२० किलोमीटर वेगास तें सुमारें १,१११ मीटर येतें. ताशीं ४० किलोमीटर वेगास सुमारें १२३ मीटर. वेग एकतृतीयांश झाला, अंतर मात्र एकनवमांश झालें!

१६ जून २००४ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत आंबोली येथें मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवरील दरडीच्या दगडांवर आदळून पुलावरून कोसळली व अनेक प्रवासी प्राणांस मुकले. कोंकण रेल्वेवर मुसळधार पावसांत पुढचें नीट दिसेनासें झालें, म्हणजे वेग ताशीं ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना चालकांस असते. तिचें मर्म वरील गणितांत आहे: जेवढें दिसतें, तेवढ्यांत थांबतां आलें पाहिजे.

संगणकावर चुकलेला फेरा पुन्हां सुरू करतां येतो. खऱ्या रुळांवर तशी सवलत नाहीं. म्हणून बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानांतील उपदेश येथेंहि लागू पडतो. आमच्या वाचकांनीं ताशीं ८० किलोमीटर वेगाचें अंतर आधीं वहींत काढावें, आणि मगच संगणकावरील गाडीच्या ब्रेकला हात घालावा.