मुक्त सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिकेचा परवाना

बंगळुरूनजीकच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या प्रशिक्षकाला मुक्त सॉफ्टवेअरची इंग्रजी माहितीपुस्तिका कन्नड व मराठी भाषक कामगारांसाठी भाषांतरित करावयाची आहे, अशी कल्पना करू. सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा त्याला आहेच. परंतु पुस्तिकेबाबतही ती आहे काय? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. म्हणूनच पुस्तिकेचा परवाना स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे ठरते.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००० साली अशा पुस्तिकांसाठी ‘ग्नू मुक्त प्रलेखन परवाना’ प्रसिद्ध केला. त्यात काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ ठरविण्याची सवलत लेखकाला आहे. अशी प्रकरणे वगळता वा बदलता येत नाहीत. त्यांचे भाषांतर जोडता येते. मात्र इंग्रजी मूळ सोबत ठेवावे लागते. मुळाऐवजी केवळ भाषांतर छापावयाचे झाल्यास हक्कधारकाची विशेष परवानगी आवश्यक असते.

या तरतुदीवर ‘डेबियन’ या स्वयंसेवकांनी चालविलेल्या सॉफ्टवेअर वितरणात दीर्घकाळ चर्चा झाली. मार्च २००६ मध्ये सदस्यांनी मतदानाने निर्णय दिला : अपरिवर्तनीय प्रकरणे नसलेल्या पुस्तिका मुक्त होत, ती असलेल्या पुस्तिका मुक्त नव्हेत. परिणामी ‘ईमॅक्स’ या संपादकाची आज्ञावली मुख्य वितरणात राहिली, तर तिची पुस्तिका ‘अमुक्त’ विभागात गेली. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांपैकी ‘श्रेयनिर्देश’ आणि ‘श्रेयनिर्देश–समान वाटप’ हे दोनच मुक्त संस्कृतीच्या व्याख्येत बसतात. ‘अव्यापारी’ अट असल्यास पुस्तिका छापून नफ्यासाठी विकता येत नाही. ‘रूपांतरास मनाई’ असल्यास भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. समान वाटपाच्या अटीमुळे मराठी भाषांतरही पुढील वाचकांसाठी खुले राहते. २००९ मध्ये विकिपीडियाने, पर्यायाने मराठी विकिपीडियानेही, हाच परवाना स्वीकारला.

सार्वजनिक निधीतून प्रशिक्षण साहित्य तयार करणाऱ्या संस्थांनी आरंभीच असा परवाना मुखपृष्ठामागे स्पष्ट नोंदवावा. सॉफ्टवेअर मुक्त असूनही ते शिकविणारी पुस्तिका बंदिस्त राहिली, तर इंग्रजी न जाणणाऱ्या कामगारासाठी ते स्वातंत्र्य कागदावरच राहते.