अनुशेष : एका शब्दाचा अभ्यास

‘मराठवाड्यावर अन्याय झाला’ हे वाक्य मंठ्याच्या बसस्थानकावरही आपण ऐकले असेल. ही भावना मोजता येईल काय?

अशाच प्रश्नांसाठी १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे माजी संचालक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने १९८३ मध्ये प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, ती तूट भरून काढण्याचा खर्च म्हणजे ‘अनुशेष’. शेष म्हणजे उरलेले. ‘अन्याय’ या शब्दाला आरोपी लागतो, ‘अनुशेष’ला केवळ हिशेब.

स्वतंत्र संशोधकाचा हिशेब कोणाच्याही सोयीचा असेलच असे नाही. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के होता. विदर्भ व मराठवाडा वगळता उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के! सभांमधून हा दुसरा आकडा क्वचितच उच्चारला जातो.

पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. एकक जिल्हा होते, आणि जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजीच अस्तित्वात आलेला. जिल्ह्याच्या सरासरीत जालना शहराचे दवाखाने आणि मंठ्याकडील वाड्या एकत्र मोजल्या जातात. वाडीची तूट तेथे दिसत नाही.

स्वाध्याय : आपल्या गावातील एक उणीव प्रथम ‘अन्याय’ व नंतर ‘अनुशेष’ हा शब्द योजून प्रत्येकी पाच ओळींत लिहा. दुसऱ्या लेखनासाठी कोणती माहिती गोळा करावी लागली, तेही नोंदवा.