दार लाव, मग ऐक

पोरी, सनद मिळाली, काळा कोट अंगावर आला. आता लोक तुझ्यापुढे बसून अशा गोष्टी सांगतील, ज्या त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेल्या नसतात. चाळीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात मी हेच ऐकत आले. अशिलाचं बोलणं पोटात ठेवावं, हे तुला शिकवायला नको. पण कायदा कोणतं बोलणं झाकतो आणि कोणतं उघडं ठेवतो, हे समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तुला ठाऊक हवं. नंतर कळून उपयोग नसतो. म्हणून हे चार शब्द.

आधी दार लाव. वकिलीच्या चौथ्या वर्षी वाटणीच्या दाव्यातला एक अशील आला, सोबत मेहुणा. "बाई, घरचाच माणूस आहे, बसू द्या." मी बसू दिलं. भावाकडून आपल्या हिश्शापोटी किती रोख रक्कम आधीच घेतली होती, ते अशिलानं दोघांदेखत सांगितलं. पुढे त्या दोघांचं बिनसलं आणि मेहुणा समोरच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. मला ते कुणी विचारू शकत नव्हतं, पण त्याला सांगण्यापासून कुणी अडवू शकत नव्हतं. चूक माझी होती. त्याच आठवड्यात मी ओसरीवर लाकडी बाक आणून ठेवला. सोबतचा माणूस कितीही जवळचा असो, तो बाकावर बसतो आणि अशील एकटा आत येतो. वकिलाचा कारकून, नोकर आणि दुभाषी यांना मात्र तुझ्यासारखंच बंधन आहे. कामावर घेतानाच त्यांना ते नीट समजावून सांग.

गुप्ततेचा हा हक्क तुझा नाही, अशिलाचा आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३२ मध्ये आहे. अशिलानं स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्याचं बोलणं, त्याचे कागद, तू दिलेला सल्ला, काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. दावा निकाली निघाला, अशिलानं वकील बदलला, तरी बंधन सुटत नाही. कधी ठाण्यातून निरोप येईल, "जरा येऊन जा, तुमच्या अशिलाबद्दल विचारायचंय." घाबरू नकोस. अशिलाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्यानं वकिलाला बोलावू नये, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलंय. कायद्यातल्या अपवादात बसत असेल तरच बोलावता येतं. तेही किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या वरिष्ठाच्या संमतीनं, आणि कोणता अपवाद ते लिहून.

झालेलं ऐक, पुढचं ऐकू नकोस. "माझ्या हातून खोटा दस्त झाला, मला सोडवा," असं कुणी म्हणालं, तर ते बोलणं कायद्यानं झाकलेलं आहे. "हा दस्त खोटा आहे, याच्यावर मला जमिनीचा ताबा मिळवून द्या," असं म्हणालं, तर नाही. कायद्याच्या उदाहरणांतलाच हा फरक आहे. गुन्हेगारालाही बचावाचा हक्क आहे, पण वकिलाच्या आडोशानं नवा गुन्हा करायचा हक्क कुणालाच नाही. तिसरं उदाहरण कायम लक्षात ठेव: अफरातफरीच्या खटल्यात अशिलाची हिशोबाची वही तू एकदा पाहिलीस, आणि खटला चालू असताना त्याच वहीत नवी नोंद दिसली. ती नोंद झाकलेली नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाक, "झालं ते सगळं सांगा. मात्र पुढे काही वाकडं करायचं असेल, तर माझ्याकडे नको." माणूस दुखावतो, पण दोघंही वाचतात.

नवरा-बायकोत बोलणं वेगळं, करणं वेगळं. संसारात एकानं दुसऱ्याला जे सांगितलं, ते सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय कोर्टात येत नाही. घटस्फोट झाला तरी त्या काळातलं बोलणं झाकलेलंच राहतं. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र सांगता येतं. १९५४च्या राम भरोसे खटल्यात पहाटेच्या अंधारात नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला आणि मग त्यानं अंघोळ केली, हे बायकोनं सांगितलेलं चाललं. तो तिला काय म्हणाला, ते चाललं नाही. आणि भांडण त्या दोघांचंच असलं, किंवा एकानं दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केला असला, तर हे संरक्षण उरत नाही. चोरून रेकॉर्ड केलेले फोनसुद्धा घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतात, असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. नांदणुकीच्या प्रकरणात बाई आली की तिला हे पहिल्याच दिवशी सांग.

डॉक्टरला सांगितलेलं वकिलाला सांगितल्यासारखं नाही. लोक इथे हमखास फसतात. डॉक्टरनं रुग्णाचं गुपित राखावं, हा त्याच्या पेशाचा नियम आहे. साक्षीच्या कायद्यात त्याला वकिलासारखं कलम नाही, आणि कोर्टानं विचारलं तर त्याला सांगावं लागतं. सीएचंही तसंच. पत्रकाराला १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यानं बातमीचा स्रोत लपवायची मुभा दिली, पण ती कौन्सिलपुढच्या कामापुरती. म्हणून अशिलाला विचार, "हे आधी आणखी कुणाला सांगितलंय?" उत्तर टिपून ठेव.

या झाकण्याला 'प्रिव्हिलेज' म्हणतात. अब्रूच्या खटल्यात हाच शब्द वेगळा होतो. साक्षीच्या कायद्यात 'प्रिव्हिलेज' म्हणजे 'सांगायला लावू नका'. बदनामीच्या कायद्यात त्याचा अर्थ 'बोललो म्हणून शिक्षा करू नका'. आमदार-खासदारांना सभागृहातल्या बोलण्यापुरतं ते पूर्ण मिळतं, घटनेच्या कलम १९४ आणि १०५ नं. तुझ्या-माझ्यासारख्यांना ते सद्भावनेनं आणि योग्य ठिकाणी बोललं तरच. सोसायटीच्या सेक्रेटरीनं पैसे खाल्ल्याची तक्रार उपनिबंधकांकडे सद्भावनेनं केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला अपवाद पाठीशी उभा राहतो. तोच मजकूर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर तो अपवाद सोबत येत नाही. तक्रार लिहून देताना आधी पत्ता बघ, मग मजकूर.

शेवटचं. माझा एक जुना अशील वारला. वर्षभरानं त्याचा धाकटा मुलगा आला, ओसरीवरच्या त्याच बाकावर बसला. "बाई, थोरल्याबद्दल आबा तुमच्याशी काय बोलले होते, एवढंच सांगा." डोळे भरले होते पोराचे. आबा जे बोलले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी त्याला चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आबांनी ते मला सांगितलं होतं, तुला सांगायला नव्हे." तो बराच वेळ बसून राहिला. उठताना म्हणाला, "माझी कागदपत्रंही तुमच्याकडेच ठेवतो." आणि पायताण बाहेर काढून आत आला.

मी उठून दार लावलं.